चाकोरी

तीन दिवस मला मोजायला बसवलं होतं.
घडीची खुर्ची, भिजू नये म्हणून प्लास्टिकखाली तक्ता,
अंगठ्याखाली कटकट वाजणारं यंत्र.
स्कॉटलंडातल्या त्या गावाच्या कडेला
कुंपणाच्या जाळीला एक भोक होतं
आणि त्यातून किती माणसं दुकानांकडे जातात
एवढंच कंपनीला हवं होतं.

रकाने तीन : पायी. सायकल. इतर.

भोकापलीकडे बांध, बांधावर गवत,
गवतात एक तपकिरी रेघ,
शाळेच्या पोरांनी, रात्रपाळीच्या बायकांनी तुडवलेली.
मोठ्या पावसात तिचा चिखल होतो
म्हणून कुणीतरी दोन फळकुटं टाकलीत.
कौन्सिल दर वसंतात जाळी शिवून जातं,
आठवड्याभरात ती उसवते.
सरळ रस्ता विचाराल, तर आहे :
दोन मैल, गोल चौकाला वळसा,
मध्येच फुटपाथ
बोलता बोलता विसरून जावं तसा
गवतात थांबतो.

व्हिटाउटस बेकरीतून सुटून यायचा सव्वासहाला,
केसांत पीठ, सायकल खांद्यावर.
मी विचारलं, ह्याला पायी म्हणू की सायकल?
तो म्हणाला, आत्ता तर मी हमाल आहे.

दुपारी सेंगा आली, चाकांची खुर्ची स्वतः ढकलत,
जिथे डांबर संपतं तिथपर्यंत.
नाव म्हणे त्यांच्या लिपीत ॲग्नेस उलटं लिहिलेलं,
आईचं आजीशी पटत नव्हतं, म्हणून.
तिच्या ओट्यावरच्या खिडकीतून
दुकानांच्या पाट्या दिसतात सगळ्या,
टोकाला औषधवाल्याचा हिरवा क्रॉस,
रात्रभर लुकलुकणारा.
हाक मारली तर पार्किंगमधलं कुणीतरी
वळून पाहील, एवढंच अंतर.

काय मोजतोस?
येणारे-जाणारे.
तिने तक्ता वाचला, खालून वर.
"इतर म्हणजे मी."
त्या रकान्यात शून्य होतं.

सामान घरपोच येतं की, मी म्हणालो.
येतं, ती म्हणाली, न मागितलेल्या रंगाचं.
तिला बाथरूमच्या दारासाठी एक मूठ हवी होती,
हातात धरून, वजन बघून,
दोन नापसंत करून मग तिसरी.
दुसऱ्या दिवशी मी आणि व्हिटाउटस म्हणालो,
उचलून नेतो आम्ही, दोन मिनिटांचं काम.
"मी बटाट्याचं पोतं नाही रे,"
आणि खुर्ची वळवली तिने
एका झटक्यात, चाकात चिखल घेऊन.

रात्री खोलीवर झोप येईना.
माझ्या भाषेत पायवाट आहे.
पाय पुन्हा पुन्हा पडला की ती आपोआप होते,
कुणाला विचारावं लागत नाही.
आणि चाकोरी आहे. गाडीच्या चाकाने पडते ती.
शाळेत, घरात, लग्नाच्या मांडवात
मला सगळ्यांनी बजावलेलं : चाकोरीबाहेर पड.
पडलो. इतक्या लांब.
आणि इथे एक बाई
नुसती चाकोरी मागते,
पाच फूट रुंद, बाराला एक उतार,
वर चढताना श्वास घ्यायला एक सपाट टप्पा.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही.
धुकं होतं. चारशे सत्तावीस पायी,
एकतीस सायकली (हमाल धरून),
एक कुत्रा, जो मी मोजला नाही.
पाच वाजता खिडकीत दिवा लागला,
मग तिची सावली, हातात कप.
तिने पाहिलं का, माहीत नाही.
मी अंगठा दाबला.

सोमवारी साहेबांनी तक्ता हातात घेतला.
इतर : एक.
हे कोण? कधी गेलं?

अजून नाही, मी म्हणालो.